एकोणिसाव्या कप्प्यातली जोडी

"ज्याच्या हाती नियंत्रण, त्याच्या हाती जग!" श्यामकांतांनी जाहीर केलं. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं, आणि श्यामकांतांना खोलीबाहेर जाता येत नव्हतं.

मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या फ्लॅटमधली ही खोली दहा बाय दहाची. चारी भिंतींना कंबरेएवढ्या उंचीवर अडीच फुटी फळ्या ठोकलेल्या, फळ्यांवर छोट्या आगगाडीचे रूळ, आणि मधल्या चौकोनात निवृत्त श्यामकांत. दारापाशी एक उचलायची फळी होती. ती पाडून कडी लावली की रूळ जुळायचे. कडी मात्र बाहेरून होती. ती बसवताना श्यामकांत आत उभे राहून सूचना देत होते आणि सुतार धोंडिराम बाहेर होता. त्याला संध्याकाळी घरी जायचं होतं. आतून हात घालावा तर पोट आडवं यायचं. खालून वाकून निघावं तर डॉक्टरांनी गुडघ्यांना तसली मुभा दिली नव्हती.

दुपारी कडी लावून माधुरीताई, म्हणजे त्यांची बायको, भांडुपला बहिणीकडे निघाल्या.

"पाचला धोंडिरामला घेऊन येते," त्या म्हणाल्या. "तोवर इंजिन फिरलं तर खोली तुमची. नाहीतर हे सगळं उखडायचं आणि इथे माझा पलंग. चौतीस वर्षं तुमचं घोरणं ऐकलंय मी, आता बास."

इंजिन सेकंडहँड, मालाडहून आणलेलं. असल्या इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची नखाएवढी चिप असते. तिला एक नंबर दिलेला असतो. कंट्रोलरवर तो दाबला की तेवढंच इंजिन हुकूम ऐकतं. याचा नंबर तीन. तीन दाबला की पुढचा दिवा झक्क लागायचा. वेग वाढवला की काही नाही.

"दिवा लागतो, पण जागचं हलत नाही," असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं.

"घरात दोन झाले," माधुरीताई म्हणाल्या होत्या.

श्यामकांतांनी चाकं स्पिरिटनं पुसली. रूळ पुसले. इंजिन उघडून मोटर थेट बॅटरीला लावली, तर ती गरगर फिरली. म्हणजे मोटर ठीक. चिपही ठीक, दिवा लावतेय. मग घोडं अडलं कुठे? साडेचार वाजले. शेवटी त्यांनी मालाडला फोन लावला.

"शर्मिष्ठाताई, मी मुलुंडहून श्यामकांत. तुमच्या मिस्टरांचं ते इंजिन..."

"बिघडलं? परत नाही घेणार हं मी!"

"नाही हो. ते हे कसं चालवायचे, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? दोन इंजिनं होती, एकामागे एक. कायम जोडीनं. दुसरं दिरांनी मनोरीला नेलं. शोकेसमध्ये आहे."

श्यामकांतांच्या डोक्यातही दिवा लागला. जोडी लावली की चिपच्या स्मृतीतल्या एकोणिसाव्या कप्प्यात जोडीचा नंबर बसतो. मग इंजिन स्वतःच्या नंबरावर दिवा तेवढा लावतं, चालायचं म्हटलं की जोडीच्याच हुकमाची वाट बघतं. जोडीदार मनोरीला, आणि हे इथे ताटकळत उभं.

"मग ती जोडी मोडावी लागेल," ते जरा चाचरत म्हणाले.

"मोडा की! त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मीसुद्धा दोनदा केरळ फिरून आले."

श्यामकांतांनी कंट्रोलरवरून एकोणिसाव्या कप्प्यात शून्य घातलं. तीन दाबला. वेग वाढवला. इंजिन थरथरलं आणि निघालं.

तेवढ्यात दारात किल्ली वाजली. माधुरीताई आल्या, मागे टेप घेऊन धोंडिराम. इंजिन त्यांच्या नाकासमोरून, कडी लावलेल्या फळीवरून ऐटीत गेलं. त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या.

"चालतंय की हो!"

"शेवटी सगळा प्रश्न नियंत्रणाचा असतो, माधुरी," श्यामकांत छाती काढून म्हणाले.

"शब्द म्हणजे शब्द. खोली तुमची." त्या वळल्या. "धोंडिराम, मधली जागा मोज रे."

"पाच बाय पाच, काकू."

"झालं तर. पाय दुमडून मावतील. गादी टाकू या, घोरा म्हणावं मनसोक्त. बेडरूम माझी."

तिसरी फेरी सुरू झाली. श्यामकांतांनी इंजिनाकडे बघितलं, पायाखालच्या फरशीकडे बघितलं, मग फळीकडे.

"धोंडिराम," ते हळूच म्हणाले, "कडी तेवढी आतून बसवशील?"