कंटेनरला घातलेला हार

माणसाने अखेर सूर्याला पेटीत बंद केलं आहे. निदान स्वानंद गोखलेच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर तरी तसं लिहिलं होतं. पेटी म्हणजे जहाजावर जातो तसला कंटेनर. छतावर सोलर पॅनेल, पोटात बॅटऱ्या. जिथे वीज लहरीपणाने येते-जाते तिथे ट्रकवर घालून न्यायचा, की गाव उजळलं. त्या रविवारी मात्र तो ओजिमाच्या सरकारी वसाहतीच्या मैदानात उभा होता, आणि त्याच्याने भात शिजत नव्हता.

भूकंपाच्या सरावाचा दिवस होता. वीज गेली असं धरून कंटेनरच्या विजेवर कुकर लावायचे होते. वसाहतीतले जपानी म्हातारे-म्हाताऱ्या रिकामे वाडगे घेऊन शिस्तीत रांगेत उभे होते. पालिकेचे अधिकारीही बघायला आले होते. भात शिजला तर प्रकल्प पुढे, आणि प्रकल्प पुढे तर स्वानंदचं कंत्राट पुढे. नाहीतर मार्चमध्ये पुणे. त्याच्या बायकोला, कस्तुरीला, फुनाबोरीच्या पाळणाघरात नुकतीच नोकरी लागली होती, त्यामुळे पुण्याचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

वाहतुकीच्या नियमापायी बॅटऱ्या रिकाम्याच आणल्या होत्या. पण ऊन असं, की डोळे उघडवत नव्हते. पडद्यावर मात्र एकच ओळ: ‘रात्र आहे. यंत्रणा विश्रांती घेत आहे.’

"काय रे, झालं का?" कस्तुरीने विचारलं.

"तो म्हणतोय रात्र आहे."

"कोण?"

"कंटेनर."

"मग उठव ना त्याला. तुला उठवते तसा."

स्वानंदने वायरी तपासल्या, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. त्याचे साहेब मोरिता-सान सकाळपासून लोकांची माफी मागत होते. रांग संपली, तशी त्यांनी पहिल्यापासून परत सुरुवात केली. शेवटी ते स्वानंदजवळ आले.

"स्वानंद-सान, एक विचारू का? धर्माची गोष्ट आहे, राग मानू नका."

"विचारा ना."

"तुमच्या पत्नीने सकाळी जी पूजा केली, ती संपली का?"

नवं यंत्र म्हणून कस्तुरीने रीतसर हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ फोडला होता, आणि तुळशीबागेतून आणलेला प्लास्टिकच्या झेंडूचा जाडजूड हार घातला होता. एवढ्या कंटेनरला तो पुरेना, म्हणून दाराजवळच्या बुटक्या खांबाच्या डोक्यावर गुंडाळला. त्या खांबाच्या डोक्यावर ऊन मोजणारा सेन्सर होता. स्वानंद त्या हारासमोरून सकाळभर येरझाऱ्या घालत होता. नव्या वस्तूला हार नसता, तर मात्र त्याला नक्की खटकलं असतं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"सकाळीच," मोरिता-सान खालमानेने म्हणाले. "पण दुसऱ्याच्या देवाला बाजूला हो कसं म्हणणार?"

कस्तुरीने "चुकलं रे बाबा" म्हणत हार उतरवला. ते देवाला होतं, नवऱ्याला की कंटेनरला, हे कुणी विचारलं नाही. पेटीच्या पोटात घूं झालं. थोड्या वेळाने भाताच्या कुकरचे लाल दिवे ओळीने लागले. रांगेने टाळ्या वाजवल्या. स्वानंद गवतावर बसला. एका आजीने आपला गरम भाताचा वाडगा त्याच्याच हातात दिला.

"आता पुणे म्हटलं तरी चालेल," कस्तुरी शेजारी टेकत म्हणाली.

"का?"

"दिवाळीची तिकिटं काढायची आहेत."

कंत्राट वाढलं. कंटेनर हल्ली कावासाकी शहरातल्या एका गोदामात असतो. तिथे ऊन येत नाही, म्हणून त्याला भिंतीतल्या प्लगवर चार्ज करतात.