मामाचं उष्टं

आमच्या पोवारांत मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती दोन वर्षांची असो की बावीस. तिच्याकडून पाय दाबून घेणं नाही, उष्टं ताट उचलून घेणं तर नाहीच. रविता सहा वर्षांची असताना माझी बहीण निर्मलाबाई गेली, बाप आधीच नव्हता, आणि पोरीला मी घरी आणलं. सोळा वर्षांत तिने माझ्या घरी उष्ट्या भांड्याला बोट लावलेलं नाही. त्यावरून बायको अजून टोमणे मारते. मारू दे.

२०१५ साली नागपूरला शिकणारी हीच पोरगी घरी आली ती काय सांगत? शिडाच्या बोटीतून समुद्रात जाणार! कोचीहून बारा जणी निघणार, महिनाभर पाण्यावर राहणार, बारीक जाळीने प्लास्टिकचे तुकडे गोळा करून मोजणार, तरंगता कचरा उचलणार. तिची निवड झाली होती. फॉर्मवर घरच्या माणसाची सही पाहिजे होती, आणि घरचा माणूस म्हणजे मी.

"नाही," मी म्हणालो. "माह्या घरी तू ताट नाही उचलत, अन् तिकडं जगाचा कचरा उचलशील? कायले? दुसरं कोनी नाही का?"

"तुमी नाही म्हनलं तं नाही जानार, मामाजी," ती म्हणाली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कुणाचं ऐकत नाही.

दोन दिवस असेच गेले. तिसरा दिवस फॉर्म पाठवायचा शेवटचा. सकाळीच ती म्हणाली, "नवेगाव बांधावर चला. मी काय करनार हाय, ते एकडाव पाहून घ्या. मंग नाही म्हना." मी मोटारसायकल काढली.

तलावाच्या पाळीखाली गुडघाभर पाण्यात उतरून ती जाळी ओढू लागली. जाळी म्हणजे मच्छरदाणीचं कापड, तोंडाला तारेची कडी लावून घरीच शिवलेलं. पांढऱ्या थाळीत तिने ती झटकली. शेवाळ निघालं, गाळ निघाला आणि त्यात कणीएवढे निळे-लाल तुकडे.

"हे इथून वैनगंगेत जाते, तिथून गोदावरीत, मंग समुद्रात," ती म्हणाली.

"मले शिकवून राहिली का?" मी चिडलो. चिडलो की मला खर्रा लागतो. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू खिशात नसली तर आमच्याकडच्या माणसाला कपडे घातल्यासारखं वाटत नाही. पन्नी ओठांना लावून मी शेवटची चिमूट तोंडात झटकली, पन्नी फेकली आणि आता हिला काय सुनावावं याची जुळवाजुळव करू लागलो. पन्नी वाऱ्याने पाण्यात गेली. रविताने वाकून ती उचलली.

"ठेव! ठेव थे खाली!" मी ओरडलो. "उष्टं हाय माह्यं!"

"मंग कोन उचलनार, मामाजी?"

तिच्या ओल्या हातात माझी थुंकी लागलेली पन्नी होती. तीस वर्षं मी याच पाळीवर बसून खर्रा खातो आहे. मला अशी लाज वाटली की चपलांसकट पाण्यात उतरलो. पन्नी तिच्या हातातून ओढून घेऊन खिशात घातली. मग काठाशी अडकलेली दुसरी उचलली. ती कुणाची होती कोण जाणे. तिसरी उचलली. रविता जाळी धरून नुसती पाहत होती.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, "ताटाचं नोका सांगू. खरं काय थे सांगा."

मग मी खरं ते सांगितलं. "भेव लागते, बाई. मले पोहता येत नाही. तुले काही झालं तं मी तिथवर येऊ बी शकत नाही. तुह्या मायची तू एकटीच हायेस माह्याजवळ."

"मले बी भेव लागते," ती म्हणाली आणि माझा हात धरला. "पन मले जायचं हाय."

मी पाण्यातून बाहेर आलो आणि तिच्याकडून फॉर्म मागून घेतला. मग मोटारसायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून सही केली. हात ओला होता, शाई थोडी पसरली. खाली माझा मोबाईल नंबर लिहिला आणि विचारलं, "समुद्रातून फोन लागते का?"

"बोटीवर एक फोन राहते. हप्त्यातून एकडाव लागन, पाच मिनटं."

"पुरे झालं," मी म्हणालो. आयुष्यात तिच्याशी एवढंच खोटं बोललो.