गच्चीच्या दारावरचं कुलूप

संशय घेणं हे माझं कामच आहे, मित्रांनो. ज्याला कुणाचा संशयच येत नाही, ते कुलूप कसलं? मी सात लिव्हरचं, पितळी अंगाचं जुनं कुलूप आहे. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून सोनचाफा नावाची चार मजली सोसायटी आहे. तिच्या गच्चीच्या दारावर मी पंचवीस वर्षं लटकलो. आता मी एका टेबलावर कागदांवर बसून असतो. इथवर कसा आलो, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तीन किल्ल्या जन्मल्या. कारागिराने प्रत्येक किल्ली दोनदा फिरवून पाहिली आणि मला खोक्यात ठेवलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, या तिघींखेरीज कुणालाही दाद द्यायची नाही.

सोसायटीत आल्यावर पहिल्याच वर्षी एक किल्ली हरवली. उरल्या दोन. एक सेक्रेटरी चंद्रप्रकाश सावंत यांच्या देवघराच्या खुंटीवर असे. दुसरी त्यांनी अकरा वर्षांपूर्वी इंटरनेट कंपनीच्या लाइनमनला दिली. त्याचं नाव जयवंत. कंपनीची पेटी गच्चीवर होती, आणि चार मजले चढून-उतरून दर वेळी किल्लीची देवघेव कोण करत बसणार? आमच्या गल्लीत तेव्हा ती एकच कंपनी होती. दुसरी कुठली आलीच, तर कमिटी तिला परवानगी देत नसे. "आपला जयवंत आहे ना, घरातला माणूस," असं सावंतकाका म्हणत.

मलाही जयवंत घरातलाच वाटे. रोज ज्याचा हात लागतो त्याच्यावर जीव जडतोच. त्याच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. किल्ली घालण्याआधी तो मला अंगठ्याने पुसायचा. काका पाहुण्यांना मला दाखवून म्हणायचे, "ह्या कुलपामुळे आजवर एकही चोर वर गेला नाही." मी फुगून जायचो. पण माझ्या पोटात तेलाचा थेंब घालावा, असं पंचवीस वर्षांत कुणाला सुचलं नाही. कौतुक भरपूर, देखभाल शून्य. लिव्हर सुकत गेले, गंज चढत गेला.

माझ्या खालच्याच मजल्यावर सुलक्षणा राहते. ती घरी बसून एका विमा कंपनीसाठी दावे तपासते. तिच्या सासूबाई, रत्नप्रभा, मूळच्या कुडाळकडच्या. दोन वर्षांपूर्वी पडून त्यांच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. सुलक्षणाचा नवरा सहदेव हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणून घरी बसून करायची ही नोकरी म्हणजे त्या घराचा कणा होता.

आणि कामाला हात घातला, की नेट जायचं.

मग ती लॅपटॉप आणि प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन माझ्या दारापाशी येऊन बसायची, कारण मोबाइलला थोडीफार रेंज तिथेच मिळे. खालून सासूबाईंची हाक यायची, "गो सुलक्षणा, माका पाणी देशीत?" ती धावत खाली जायची, धावत वर यायची, तोवर जोडणी पुन्हा तुटलेली. कंपनीच्या नंबरावर फोन लावला की एक गोड आवाज सांगे, तुमची तक्रार नोंदवली आहे. एकदा तर तक्रार मिटली म्हणून निरोप आला, तेव्हा ती माझ्यापाशीच अंधाऱ्या स्क्रीनकडे बघत बसली होती.

जयवंत येऊन म्हणे, "वहिनी, प्रॉब्लेम वरून आहे. राउटर बंद करून चालू करा."

"रोज तेच करते हो! आता तो राउटरच हात जोडतो मला."

"मग दुसरी कंपनी घ्या. आम्ही कुठे अडवलंय?" असं म्हणून तो हसायचा. दुसरी कंपनी नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

शेवटी तिच्या वरिष्ठांनी, ऋतामॅडमनी, निक्षून सांगितलं. महिन्याभरात तीनदा जोडणी तुटली, तर घरचं काम बंद, रोज पवईच्या ऑफिसात हजर व्हायचं. फोन ठेवल्यावर सुलक्षणाने माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले आणि तशीच उठून सावंतकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने इतकं भांडण केलं की आवाज मला वर ऐकू आला. कमिटी अखेर नमली. तिच्या एका घरापुरती, एका महिन्यासाठी नव्या कंपनीची वायर येऊ द्यायची. ती नीट चालली, तर महिनाअखेरच्या सभेत सगळ्यांसाठी परवानगीचा विचार करायचा.

नव्या कंपनीचा अनिरुद्ध नावाचा तंत्रज्ञ आला. मला तो पाहताक्षणीच आवडला नाही. पायांत चकचकीत बूट, पाठीला भली मोठी पिशवी, आणि सारखा शीळ घालणारा. शीळ घालणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असं माझं मत होतं. काकांनी मला उघडलं, तेव्हा किल्ली अडखळली. अनिरुद्धने पिशवीतून तेलाची छोटी कुपी काढली आणि माझ्या तोंडात दोन थेंब टाकले. फुकटात कोण कुणाला तेल घालतं? नक्कीच काहीतरी डाव असणार. मी ते तेल गिळलंच नाही. ओठांवरून खाली ओघळू दिलं. दारावर डाग पडला.

वायर लागली आणि सुलक्षणाचं नेट आठवडाभर सुरळीत चाललं. ती वर यायचीच थांबली. मला करमेना, पण बरंही वाटलं.

मग एका दुपारी जयवंत आला. दार उघडलं की मी कोयंड्यात उघडा लटकतो, तेव्हा मला फटीतून गच्ची दिसते. तो कठड्यापाशी वाकला, हातात पक्कड होती. दुरुस्ती करत असेल, असं मी मानलं. दोन मिनिटांत तो गेला आणि खाली सुलक्षणाच्या घरात "अगं बाई, गेलं!" असा आवाज झाला.

अनिरुद्ध धावत आला. त्याच्या मागोमाग सावंतकाका, आणि बोलावल्यामुळे जयवंतही. तुटलेलं टोक बघून जयवंतच पहिला बोलला, "माकडं! पार्कातून येतात ना. आमची पण वायर कितीदा तोडलीय."

माकडं येतात, हे खरंच आहे. टाकीचं पाणी पितात, कुंड्या उलथवतात. पण अनिरुद्ध म्हणाला, "काका, माकडाने चावली असती तर चिंध्या झाल्या असत्या. हा कट एकदम सरळ आहे. पक्कडीचं काम आहे हे."

"अरे, पण वर जाणार कोण?" सावंतकाका म्हणाले. "कुलूप आहे की. आमचं कुलूप बघितलंस ना?"

"मी तर महिनाभर गच्चीवर फिरकलोच नाही," जयवंत म्हणाला.

मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. माझ्याच अंगाला त्याच्या तंबाखूचा वास होता. जन्मभर मी परक्यांवर संशय घेतला आणि किल्लीवाल्यावर कधीच घेतला नाही. काका माझं कौतुक करत होते, आणि ते कौतुकच एका खोट्याला आधार देत होतं.

अनिरुद्धने वायर जोडली. दहा दिवसांनी ती पुन्हा तुटली. या वेळी मी सगळं नीट पाहिलं. जयवंतने वायर कापली, टोकं दगडावर घासून मुद्दाम पिंजली आणि पक्कड खिशात घातली. नोटीस बोर्डावर माकडांपासून सावध राहण्याची सूचना लागली. सुलक्षणाची जोडणी दोनदा तुटून झाली होती. तिसऱ्यांदा तुटली, की पवईचं ऑफिस. मी बघत होतो, मला कळत होतं, आणि बोलता येत नव्हतं. कुलपाला दोनच गोष्टी जमतात, उघडणं आणि अडून बसणं.

सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी तीन वाजता जयवंत पुन्हा आला. खाली सुलक्षणा कामाच्या फोनवर बोलत होती, तिचा आवाज स्पष्ट येत होता. जयवंतने या वेळी मला पुसलं नाही. घाईने किल्ली घातली आणि पिळली. मी हललो नाही. त्याने दात खाऊन पुन्हा पिळली, मग पक्कडीत धरून पिळली. कट्ट झालं. अर्धी किल्ली माझ्या पोटात राहिली. तो घामाघूम झाला, उरलेला तुकडा खिशात टाकून चवड्यांवर जिना उतरला. खाली सुलक्षणाचं बोलणं चालूच होतं.

मी ठरवून अडलो, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू? तो पंचवीस वर्षांचा गंज होता. अनिरुद्धचं तेल मी गिळलं असतं, तर मी मुकाट्याने उघडलो असतो.

रविवारी सकाळी सावंतकाका म्हणाले, "सभेआधी सगळ्यांनी वर चला. माकडांनी काय करून ठेवलंय ते डोळ्यांनी बघा." पंधरा-वीस माणसं जिन्यात दाटली. जयवंतलाही बोलावलं होतं, कंपनीची बाजू मांडायला. काकांनी किल्ली घातली. आत जाईना. चष्मा सारखा करून ते वाकले.

"अरे, ह्यात तर अर्धी किल्ली मोडलीय!"

 काकांनी आपली किल्ली उजेडात धरून पाहिली. ती धड होती. मग ते सावकाश जयवंतकडे वळले. "जयवंत, दुसरी तुझ्याकडे असते."

"मी नाय हो काका. मी तर आलोच नाही." जयवंतची नजर पायांकडे होती. "ते... माकडांनीच काहीतरी केलं असेल."

सुलक्षणाच्या घराचं दार सताड उघडं होतं. आतून, खाटेवरून, रत्नप्रभाबाईंचा आवाज आला, "माकडांक किल्ली कोणी दिल्यान रे?"

आधी एकजण हसला, मग सगळा जिना हसला. जयवंत मात्र पायरीवर मटकन बसला.

"वहिनी, वरून दाब आहे," तो पुटपुटला. "ह्या बिल्डिंगमधली घरं आमच्या कंपनीतून गेली तर पहिला मलाच काढणार. मला पण पोरंबाळं आहेत."

"तुमचं घर चालावं म्हणून माझं बंद पाडायचं?" सुलक्षणा म्हणाली. "दर दोन तासांनी आईंना कुशीवर वळवते मी. मी पवईला गेले असते तर त्यांना पाणी कोण देणार होतं? तुम्ही देणार होता?"

 जयवंतने खिशातून किल्लीचा तुकडा काढून काकांच्या हातावर ठेवला. त्या दिवशी सभा वर गेलीच नाही, जिन्यातच झाली. नव्या कंपनीला सगळ्यांसाठी परवानगी मिळाली.

गच्ची उघडण्यासाठी मात्र मला कापावं लागलं. अनिरुद्धने करवतीने माझी दांडी कापली. फार दुखलं. तो मला भंगारात टाकणार, तोच सुलक्षणा म्हणाली, "नको, हे मला द्या." तेव्हापासून मी तिच्या टेबलावर, तिच्या कागदांवर आहे. तिची नोकरी टिकली. सासूबाईंना हाक मारावी लागत नाही, त्या समोरच दिसतात.

आणखी एक गंमत. दुसरी कंपनी आल्यापासून शेजाऱ्यांकडचं जुन्या कंपनीचं नेटही एकदाही गेलेलं नाही. माकडं मात्र अजून रोज येतात.

मित्रांनो, तुमच्या दारावरच्या कुलपाला वर्षातून एकदा तरी तेल द्या. आणि एखादी किल्ली कुणाला देऊन टाकली असेल, तर ती कुणाकडे आहे, हे विसरू नका. नुसतं कुलूप बघून निर्धास्त झोपू नका.

परवा अनिरुद्ध आला होता. म्हणाला, "ताई, नव्या कुलपाची एक किल्ली आमच्याकडे राहिली तर सोपं पडेल."

माझे लिव्हर ताठ झाले.

"किल्ली आमच्याकडेच राहील," सुलक्षणा म्हणाली. "तू बेल वाजव, मी उघडेन."

"तेही बरोबर आहे," तो हसून म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ह्याला अजून गंज चढतोय की." त्याने पिशवीतून ती छोटी कुपी काढली आणि माझ्या तोंडात दोन थेंब टाकले. आता मी काही उघडणार नव्हतो, काही बंद करणार नव्हतो. माझ्याकडून त्याला मिळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

या वेळी मी ते तेल गिळलं.