शिडीची कंपासपेटी

मी एक जुनी कंपासपेटी आहे. मित्रांनो, सत्य, शिस्त आणि भूमिती यांच्या रक्षणासाठी माझा जन्म झाला. प्रत्यक्षात पहिली चार वर्षे मी शेंगदाणे सांभाळले. ती घरातल्या थोरलीची कारकीर्द. मग पोचे आणि गंज यांसह मी धाकटीकडे आले.

धाकटी फार उंच होती. वर्गात तिला शिडी म्हणत. खांदे पाडून, मान खाली घालून ती अशी चाले, जणू उंची दुसऱ्या कुणाची आहे आणि ही ती चुकून घालून आली आहे.

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे तिघीजणींचा अड्डा होता. म्होरकीला सगळ्या 'सरकार' म्हणत. तिथे सिगारेट चालते अशी ख्याती होती. शिडीला तिथे बसायचे होते. दुसरीकडे कुणी बस म्हणत नव्हते.

"एक घेऊन ये, मग बस," सरकार म्हणाली. "आणि जरा वाकून बस हं. लांबून दिसतेस."

शिडीने मामाच्या खिशातून एक उचलली आणि माझ्यात, कर्कटकाशेजारी कोंबली. काय तो वास! खोडरबरसुद्धा तोंड फिरवून बसला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिडीचा अड्ड्यात प्रवेश ठरला होता. पण सकाळीच पाहणीवाल्या ताई आल्या. खेड्यातल्या मुलींचा आत्मसन्मान आणि वाईट सवयी मोजायला त्यांनी छापील कागद आणले होते. आमच्या मुख्याध्यापिका बाईंना शाळेच्या नावाची भारी काळजी. त्यांनी सगळी उत्तरे फळ्यावर लिहून दिली. 'मला स्वतःचा अभिमान वाटतो : पूर्ण सहमत.' 'मी धूम्रपान केले आहे : कधीच नाही.'

"अहो बाई, उत्तरं त्यांची त्यांनी द्यायची असतात," ताई कळवळल्या.

"देतील की! आधी बरोबर काय ते कळू दे त्यांना. आणि पेन नको गं मुलींनो, पेन्सिली काढा. चुकलं तर खोडता येईल."

पंचेचाळीस कंपासपेट्या एकदम उघडल्या. माझे झाकण गंजलेले. शिडीने हिसका दिला आणि सिगारेट उडाली, ती घरंगळत बाईंच्या चपलेपाशी थांबली.

"कोणाची ही?"

सरकार अत्यंत अभ्यासू चेहऱ्याने फळा वाचू लागली. बाईंनी पहिल्या बाकापासून दप्तरे उलटी करायला घेतली. पहिल्या बाकावरची चिमुरडी काही न करताच रडू लागली.

तेव्हा शिडी उभी राहिली. पूर्ण. ती एवढी आहे हे मलाही माहीत नव्हते.

"माझी आहे, बाई. ओढली नाही. बसायला घ्यावं म्हणून आणली."

"कुणी बसायला घ्यावं?"

शिडीने सरकारकडे न पाहता नजर फळ्यावर ठेवली. मग सरकारच उठली.

"आम्ही, बाई. पण आम्हीही ओढत नाही. नुसती तोंडात धरतो. काडेपेटी आणायची कुणाची छाती आहे? आधीची झिजली, म्हणून दुसरी मागवली."

ताईंनी कागद उलटसुलट पाहिला. या उत्तरासाठी चौकट नव्हती.

बाईंनी मामांना बोलावून घरच्या वळणावर अर्धा तास सुनावले. मामा मान खाली घालून ऐकत होते. निघताना हळूच म्हणाले, "ती परत मिळेल का?"

बाईंनी दाखवली. कर्कटकाने तिला तीन भोके पाडली होती. भूमितीसाठी माझ्या हातून घडलेले कार्य ते एवढेच.

मित्रांनो, कंपासपेटीत काय ठेवता याचा विचार करा. झाकणाला अधूनमधून तेल द्या. आणि वर्गात कुणी आधीच वाकून चालत असेल, तर तिला आणखी वाकायला सांगू नका.

अहवालात आमच्या शाळेचा आत्मसन्मान शंभर टक्के भरला. शिडी हल्ली ताठ चालते. त्यामुळे तिला गणवेश आखूड पडतो.