टोन नाही तर हजेरी नाही

आमच्या बडोद्याच्या हॅम, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओ क्लबाचे सेक्रेटरी दिनकरराव. पणजोबा संस्थानात कारभारी होते, त्यामुळे यांना शिंकायचं झालं तरी ठराव लागतो. आता आमचा रिपीटर म्हणजे उंच इमारतीवरचं यंत्र, तुमचा बारीक आवाज पकडून साऱ्या शहराला ऐकवणारं. त्यावर कुणीही उठून शिट्ट्या मारायला लागलं, तेव्हा दिनकररावांनी ठराव केला: यापुढे ज्याच्या आवाजाखाली ठरलेला टोन, म्हणजे एक हलकी घुमघुम असेल, त्यालाच यंत्र आत घेईल. ठीक आहे. यंत्राच्या बाजूचं काम मी केलं, गोरव्यात माझा रेडिओदुरुस्तीचाच धंदा आहे.

अडचण उषाकाकींची होती. पाणीगेटला एकट्या राहतात, वय एकोणऐंशी, सेट चाळीस वर्षांचा, त्यात टोन कुठला असायला. सकाळी सातला रेडिओवर नावं पुकारून हजेरी होते, तिला रोज उत्तर द्यायचं, दिवसभरात त्यांचं माणसांशी बोलणं तेवढंच. मी म्हटलं, टोन काढणारी छोटी पट्टी मी बसवून येते.

"रहेवा दे, तेजश्री," दिनकरराव म्हणाले. "ज्येष्ठांचं काम सेक्रेटरीनं जातीनं करावं."

केलं की जातीनं. तपासून पाहिलं? छे. रजिस्टरात सही ठोकली, काकींकडचा चिवडा खाल्ला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकी गप्प. "रुसल्या," असं दिनकरराव रेडिओवर म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणी म्हणालं, ठरावाला विरोध केला होता ना, त्याचा राग. पाचव्या दिवशी जिभा आणखी सैल सुटल्या: म्हातारीला बोलायची खोडच फार, आता कसं सुटसुटीत वाटतं. आठव्या दिवशी यादीतून नाव गाळलं. साधा फोन एकानंही केला नाही. मीही नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी साडेसहालाच मी पाणीगेटला गेले. काकी सेटसमोर बसल्या होत्या.

"मी रोज उत्तर देते गं," त्या म्हणाल्या. "कुणी ओ देत नाही. मला वाळीत टाकलंय का?"

सेट उघडला आणि कपाळावर हात मारला. शहाण्यानं टोनची तार माइकला जोडली होती. माइकच्या वाटेनं आलेली घुमघुम सेट गाळून टाकतो, तार त्या गाळणीच्या पुढं जोडावी लागते. टोन पोचत नव्हता, म्हणून यंत्र काकींना आत घेत नव्हतं. पण ऐकायला टोन लागत नाही. काकींना सगळं ऐकू येत होतं.

तार हलवायला दहा मिनिटं लागली. हजेरी संपता संपता काकींनी बटण दाबून आपला कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, सांगितला.

"अरे वा, उषाताई," दिनकरराव म्हणाले. "आम्हाला किती काळजी लागली होती."

"ऐकली ना ती काळजी. रोजच्या रोज, शब्द न् शब्द," काकी म्हणाल्या. "आता माझं नाव पुकारा. मला हजर म्हणायचंय."

दिनकररावांनी ते नाव पुकारलं, या वेळी ठरावाशिवाय.