ती ‘चला’ म्हणाली तेव्हा

द्रौपदी, तिची सून जानकी, जानकीची मुलगी मी सुगंधा, आणि माझ्या पोटची नीला. आमच्या घराण्यातल्या पुरुषांची वंशावळ काचेच्या चौकटीत टांगलेली आहे. बायकांची अशी तोंडानेच सांगावी लागते.

द्रौपदी आणि जानकी कोकणातल्या घरी, न्हाणीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत झाल्या. मी मात्र दोन्ही मुलांना मुलुंडच्या हॉस्पिटलात जन्म दिला आणि त्याचा मला अभिमान होता. म्हणून १९८६ साली दुसऱ्या खेपेला मुलुंडला माहेरी आलेली नीला ‘मी या घरातच बाळंत होणार’ असे म्हणाली, तेव्हा मी तिला सरळ वेड्यात काढले.

“पहिल्या वेळी तू दाराबाहेर होतीस, आई. माझे पाय पट्ट्यांनी बांधले होते. ओरडले तर आया म्हणते कशी, नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस? कापलं, शिवलं, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला पुन्हा तिथे टाकू नकोस.”

या घरात माझ्या शब्दाबाहेर आजवर कुणी गेले नव्हते. तरीही मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून मी होकार दिला. अट एवढीच की निवृत्त नर्स माणिकबाई सुरुवातीपासून हजर असतील. नीलानेही आपली अट घातली.

“मी ‘चला’ म्हटलं की त्या क्षणी हॉस्पिटलात न्यायचं. का आणि कशाला विचारायचं नाही. आणि मी म्हणेपर्यंत कुणी न्यायचं नाही. शब्द दे.”

मी शब्द दिला, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

कळा सुरू झाल्या त्या मार्चमधल्या एका सकाळी. दुपार होईतो खोलीतली हवा उकळू लागली होती. सोसायटीत आवाज जाऊ नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. नीला पलंगाचा कठडा धरून उभी राही, बसे, पुन्हा उठे. माझे हात गार पडले होते. ते तिला लागू नयेत म्हणून मी पदराखाली घासत होते.

बाहेर माझा मुलगा अनंत येरझारा घालत होता. “आई, हे काय खेडं आहे? मरोळला फोन करून विद्याधरला काय सांगू? तुझ्या बायकोचं बाळंतपण आमच्या बेडरूममध्ये चाललंय म्हणून?”

“सांग,” मी बाहेर येऊन म्हणाले. “आणि चहा टाक.”

तेवढ्यात आतून नीलाचा आवाज आला. ओरडणे नव्हते ते. अगदी हळू, कोरड्या घशातून आलेले.

“आई, चला.”

माणिकबाईंनी तिला तपासले आणि हसून माझ्याकडे पाहिले. “अहो, सगळ्याच म्हणतात असं. पिशवीचं तोंड उघडत आलं की धीर सुटतोच. बाळाचे ठोके छान आहेत. आता थोड्या वेळात मोकळी होईल. उगाच हलवू नका.”

सकाळपासून हॉस्पिटलचा धोशा लावणारा अनंतसुद्धा दारातून म्हणाला, “आता कुठे दोन मजले उतरवतेस तिला? जिन्यातच काही झालं तर?”

दोघांचेही म्हणणे रास्त होते. मला ते मानायचे होते. पण ‘सगळ्याच म्हणतात’ हे शब्द मी पूर्वी ऐकले होते. मी नऊ वर्षांची होते. बंद दाराआड माझी आई जानकी म्हणत होती, “मला खाडीपलीकडच्या दवाखान्यात न्या.” आणि आजी द्रौपदी तिला म्हणाली होती, “सगळ्याच म्हणतात.” होडी धक्क्याला बांधलेली होती. कुणी ती सोडली नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडले ते आईला बाहेर काढण्यासाठी.

“चला ना गं,” नीला म्हणाली.

“अनंता, रिक्षा आण.”

“अगं पण—”

“रिक्षा!”

त्या जिन्याच्या पायऱ्या मी आयुष्यभर विसरणार नाही. प्रत्येक कळेला नीला थांबे आणि माझ्या खांद्यात बोटे रुतवी. दारे उघडत, शेजारणी डोकावत. पुढे उलट्या पावलांनी उतरणाऱ्या माणिकबाई पुटपुटत होत्या, “वाटेत झालं तर माझ्या नावाने खडे फोडू नका.” माझ्या मनात एकच होते: आजीने न नेऊन मारले, मी नेऊन मारते आहे की काय?

रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले आणि त्याचा चेहराच उतरला. “मावशी, आरामात घेऊ की जोरात?”

“आरामात, पण जोरात,” माणिकबाई ओरडल्या. कळेच्या मध्ये नीला हसली. मला हसू आले नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले होते आणि आतली हालचाल थांबते की काय म्हणून श्वास रोखून धरत होते.

प्रसूतीच्या खोलीच्या दाराशी नर्सने माणिकबाईंना ओळखीने आत सोडले आणि मला हात आडवा केला. “नातेवाईक बाहेर.”

“तिला विचारा,” मी म्हणाले. “ती म्हणाली तर मी बाहेर जाईन.”

नर्सने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मी जागची हलले नाही. शेवटी ती वैतागून वळली. “काय गं, आई हवी का आत?”

“हवी.”

मुलगी झाली. काही क्षण ती रडली नाही. मग तिने अशी आरोळी ठोकली की माणिकबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, “इतकी नॉर्मल केस, आणि एवढी धावपळ कशाला, आजी? घरीच झाली असती.”

माणिकबाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

“झाली असती,” मी म्हणाले.

संध्याकाळी नीला ओशाळून म्हणाली, “आई, काही झालं नव्हतं गं. मला नुसती भीती वाटली. सगळ्यांना उगाच पळवलं.”

“वाटली ना? मग झालं.”

ती झोपली. मी तिच्या उशाशी बसून राहिले. माझ्या आईचे एक देणे आमच्या घरावर होते. तिने मागितले होते आणि आम्ही दिले नव्हते. त्या दुपारी ते तिच्या नातीच्या पदरात पै न् पै पोहोचले.