न विचारता भरलेला डबा

म्हातारपणी प्रोस्टेट वाढतं आणि लघवी अडते, हे झाडपाल्याच्या त्या दुकानात कुणी तोंडाने बोलत नसे. गिऱ्हाईक यायचं, इकडच्यातिकडच्या चार गोष्टी करायचं आणि रिकामा डबा फळीवर ठेवायचं, झाकण उलटं करून. झाकण उलटं म्हणजे ती तक्रार. दुकान चालवणाऱ्या चूर्णवाल्याच्या वडिलांनी घालून दिलेली ही रीत: पुरुषाची लाज पुरुषाने राखावी. मग गोखरू, भोपळ्याच्या बिया आणि दोन मुळ्या कुटून तो डबा भरून द्यायचा. भल्याभल्या मिशीवाल्यांची झाकणं त्याने उलटी पाहिली होती. पण विचारायचं काही नाही.

रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा डबा असा दोन वर्षं भरला. दोघांची मैत्री जिवाभावाची. न्हावी रोज अकराला दुकानातल्या बाकावर टेकायचा आणि चहा निम्मा होतो न होतो तोच पाय ओढत मागच्या मोरीकडे जायचा.

"तुझा नळ दुरुस्त कर रे!" चूर्णवाला ओरडायचा.

"प्लंबर तूच ना?" आतून उत्तर यायचं.

शेवटी तपासणी झाली तेव्हा कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. चार महिन्यांपूर्वी न्हावी गेला.

गेला म्हणायचं आपलं. अकरा वाजले की बाक कुरकुरायचा. मग फरशीवर घासत जाणारी पावलं, मोरीचं दार, आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. ते काहीच नाही फार वाईट. चूर्णवाला खलबत्ता थांबवून ऐकत राहायचा. उठून बघावं तर मोरी कोरडी ठणठणीत.

"मला कुठे बोलला होतास तू?" तो रिकाम्या बाकाला म्हणायचा. "बोलला असतास तर मानगूट धरून डॉक्टरकडे नेलं असतं."

ह्या एका वाक्यावर तो तग धरून होता. ते खरं असेल तर आपण सुटलो. नसेल तर काय, इथपर्यंत तो जातच नसे.

आज अकराला न्हाव्याची बायको आली. तोच डबा, झाकण उलटं.

"माझ्या भावासाठी हवंय, भावोजी. त्यालाही तसंच होतंय."

त्याचा हात सवयीने बरणीकडे गेला आणि थांबला. बापजन्मात विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं. "वहिनी, त्याच्या लघवीतून रक्त जातं का?"

ती बघतच राहिली. "जातं अधूनमधून. ह्यांचंही जायचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो की. डॉक्टरकडे चला म्हणून हातापाया पडले मी. तर म्हणाले, 'रोज त्याच्यासमोर बसतो मी. काळजीचं असतं तर त्याने विचारलं नसतं?'"

ती सहज बोलली, दोष देत नव्हती. तेच त्याला सोसेना. त्याने घाईघाईने चपला चढवल्या.

"चला, तुमच्या भावाला आत्ताच दवाखान्यात नेऊ. मी येतो."

वाटेत तिने विचारलं, "भावोजी, तेव्हा तुम्ही विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतं ह्यांनी?"

'नसतं सांगितलं' असं खोटं बोलावंसं चूर्णवाल्याला फार वाटलं.

"सांगितलं असतं, वहिनी," तो म्हणाला. "माझ्यापासून त्याने कधीच काही लपवलं नसतं."